मोतीचं पाळणाघर

"मी नाही जात लग्नाला. हे आणि मुलं जाऊन येतील."

शेजारच्या वहिनी असं म्हणाल्या आणि मी बघतच राहिले. सख्ख्या भावाच्या मुलीचं लग्न, तेही नाशिकला. पत्रिका देवापुढे ठेवलेली, शालू इस्त्री होऊन आलेला, आहेराची पाकिटंसुद्धा तयार! "का हो वहिनी?" म्हटलं, तर त्यांनी नुसतं पायरीकडे बोट दाखवलं. पायरीवर त्यांचा मोती आडवा पसरला होता. बारा वर्षांचा, एका डोळ्यानं अधू. रेल्वेनं कुत्रं न्यायचं तर एकतर फर्स्ट एसीचा अख्खा कुपे घ्यावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत त्याला एकट्याला बसवावं लागतं. गोंदियाहून नाशिक म्हणजे काही जवळ नाही. त्या म्हाताऱ्या जिवाला पेटीत कोंडायला वहिनींचं मन धजेना.

"माझ्याकडे ठेवा की," मी बोलून गेले.

"तुला शाळा असते गं."

"सकाळचीच असते. दुपारपासून मी घरीच. आणि सासूबाई आहेत."

२०१९ च्या फेब्रुवारीतली ही गोष्ट. पाच दिवस मोती आमच्याकडे राहिला. पहिल्या रात्री त्यानं ताटलीला तोंडही लावलं नाही, दाराकडे तोंड करून बसून राहिला. शेवटी वहिनींची एक वापरातली साडी त्याच्याखाली अंथरली, तेव्हा कुठे बिचारा झोपला. सकाळी तो जेवतानाचा व्हिडिओ वहिनींना पाठवला, संध्याकाळी फिरतानाचा. परत आल्यावर वहिनी सांगत होत्या, की हळदीच्या मांडवात त्यांनी तो व्हिडिओ साऱ्या बायकांना दाखवला. त्या मांडवात गोंदियाकडचीच आणखी दोन कुटुंबं होती. महिन्याभरात दोघांचेही फोन आले : "आमचाही ठेवाल का? किती घेता?"

किती घेता! हा प्रश्न ऐकून मला घामच फुटला. मैत्रिणींनो, आपण घरात बारा-बारा तास राबतो, पण आपल्या कामाचा भाव सांगायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते. "द्या काय द्यायचं ते" असं म्हणणार होते, तेवढ्यात आमचे हे आतून म्हणाले, "दीडशे रुपये रोज, खाणं तुमचं." मी तेच फोनवर सांगितलं. पलीकडून लगेच "चालेल जी" आलं. नंतर कळलं, त्या बाई तीनशेसुद्धा द्यायला तयार होत्या!

थोडं माझ्याविषयी सांगते. मी बी. ए. झालेली. एका खाजगी शाळेत मुलांना मराठी शिकवते, तासिकेप्रमाणे. म्हणजे जितके तास, तितकं मानधन. दिवाळीची सुट्टी कोरडी, आणि मे महिना तर ठणठणीत कोरडा. नेमक्या याच दिवसांत गावातली माणसं बाहेर पडतात. कुणी माहेरी, कुणी पुण्याला मुलाकडे, कुणी लग्नाला. माझ्या हाताला काम नसतं तेव्हाच लोकांच्या कुत्र्या-मांजरांना माणूस हवं असतं, हे ध्यानात आलं आणि मागची खोली रिकामी करायला घेतली. पूर्वी त्या खोलीत धानाची पोती ठेवत. सासूबाईंचा विरोध होताच. "कुत्र्याच्या जेवणाचे पैसे घ्यायचे? आपल्या घरात कधी असं झालं नाही." त्यांना मी म्हटलं, "जेवणाचे नाही आई, जागरणाचे घेते." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. स्वयंपाकघराचा उंबरा एकाही जनावरानं ओलांडायचा नाही, एवढी अट मात्र घातली. ती मी आजतागायत पाळली आहे.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली कुत्र्यामांजरांचं सगळं मोबाईलवर मिळतं, मग यात आपण नवीन काय करणार? मलाही तसंच वाटायचं, म्हणून या धंद्यातल्या मोठ्या माणसांनी सुरुवात कशी केली ते वाचून काढलं. दिल्लीच्या राशी नारंग यांनी २००८ साली 'हेड्स अप फॉर टेल्स' सुरू केलं, ते स्वतःच्या पिल्लासाठी धड बिछाना आणि पट्टा बाजारात मिळेना म्हणून. आज त्यांची मोठमोठ्या शहरांत दुकानं आहेत आणि घरबसल्या मागवायची सोयही. आपल्या पुण्यात अनुष्का अय्यर या तरुण मुलीनं २०१८ मध्ये 'विगल्स' काढलं आणि जनावरांचा डॉक्टर घरी पाठवायची सोय केली. बंगळूरला २०२१ मध्ये 'सुपरटेल्स' सुरू झालं. ते सामान विकतात, आणि व्हिडिओवर डॉक्टरांशी गाठही घालून देतात. आणि सगळ्यात जवळचं उदाहरण तर आपल्या रेल्वेमार्गावरचं! नवरात्रात आपण बमलेश्वरीच्या दर्शनाला डोंगरगडला जातो ना, त्याच्याच पुढे राजनांदगाव. तिथल्या आयबी ग्रुपचा मूळ धंदा कोंबड्यांचा. त्यांनीच 'ड्रूल्स' हे कुत्र्यामांजरांचं खाद्य काढलं आणि २०२५ साली नेस्लेसारख्या परदेशी कंपनीनं त्यात हिस्सा घेतला. गोंदियाच्या दुकानात दिसणारी ती पोती परदेशातून येत असतील असं मला कित्येक दिवस वाटत होतं!

हे सगळं वाचून एक गोष्ट मात्र पक्की समजली. पोतं, पट्टा, औषध, बिछाना हे कुरिअरनं दोन-चार दिवसांत आमगावलाही पोचतं, देवरीलाही पोचतं. पण तुम्ही लग्नाला गेलात तर रात्री मोतीच्या उशाशी बसणारं माणूस कुरिअरनं येत नाही. मोठ्या कंपन्या आपल्या जिल्ह्याच्या गावात माणूस ठेवणार नाहीत, परवडणारच नाही त्यांना. ती जागा रिकामी आहे आणि ती आपली आहे. सामान विकायच्या फंदात मी त्यामुळेच पडले नाही. पिल्लं विकायच्या तर मुळीच नाही. त्यात पैसा दिसतो खरा, पण पैदाशीसाठी २०१७ चे आणि विक्रीच्या दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत, रीतसर नोंदणी लागते. आणि खरं सांगू, आईपासून पिल्लू तोडून विकणं माझ्या हातून झालं नसतं.

पहिलं वर्ष छान गेलं. मग २०२० चा मार्च आला आणि सगळंच बंद पडलं. कोण कुठे जाणार आणि कशाला कुत्रं ठेवणार! पण त्या बंदीच्या काळात आमच्या कॉलनीत मुलांच्या हट्टापायी घरोघर पिल्लं आली. शाळा, कचेऱ्या उघडल्या तशी ती पिल्लं दिवसाची एकटी पडू लागली, आणि माझा फोन पुन्हा वाजू लागला.

इथेच माझ्या हातून ती चूक झाली.

२०२१ च्या डिसेंबरात, ऐन लग्नसराईत, माझ्याकडे तीन जनावरं होती. त्यातलं एक अडीच महिन्यांचं लॅब्रेडॉरचं पिल्लू, लोण्याच्या रंगाचं. त्या घरातल्या दहा वर्षांच्या मुलीनं त्याचं नाव लाडू ठेवलेलं. त्याची लसीची पहिली मात्रा झाली होती, पुढच्या राहिल्या होत्या. संध्याकाळी एक ओळखीचे गृहस्थ दारात आले. तातडीनं नागपूरला जायचं होतं, बरोबर त्यांचा सहा महिन्यांचा कुत्रा. "लसी झाल्यात ना?" मी विचारलं. "हो हो, सगळं झालंय मॅडम." कार्ड मागितलं तर म्हणाले, घरी राहिलं, उद्या मोबाईलवर पाठवतो. ओळखीचा माणूस, वर घाईत! मी कुत्रा ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याला पातळ शौचाला होत होतं. खाण्यात बदल झाला असेल असं वाटलं. फिनाइलनं फरशी पुसली आणि निश्चिंत झाले. कार्ड काही आलं नाही.

लाडू तिसऱ्या दिवशी हसतखेळत घरी गेला. पुढच्या आठवड्यात त्याच्या घरून फोन आला, उलट्या थांबत नाहीत, शौचातून रक्त पडतंय. डॉक्टरांनी पार्व्हो सांगितला. सलाइन लावलं, दोन दिवस झुंज दिली, तिसऱ्या दिवशी पहाटे लाडू गेला.

मी त्यांच्या घरी गेले. पैसे परत द्यायला नेले होते, पण ती मुलगी दाराशी उभी होती, ते पाकीट काढायचीसुद्धा मला लाज वाटली. तिची आई एवढंच म्हणाली, "तुमच्याकडे ठेवलं म्हणून निर्धास्त होतो हो ताई." ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर दोन महिने मी एकही जनावर ठेवलं नाही. धंदा बंदच करणार होते. पण पार्व्होविषयी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, ते मात्र चांगलं झालं, कारण घरात पिल्लू असलेल्या प्रत्येकीला ते ठाऊक हवं. हा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो. बूट, फरशी, ताटली, कशावरूनही जातो, आणि अंगणाच्या मातीत तर कित्येक महिने तग धरून राहतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी त्याहून जास्तही. म्हणजे घरी जाताना पिल्लू ठणठणीत दिसतं! आणि ज्या फिनाइलवर आपला एवढा विश्वास, त्यानं तो मरत नाही. कपड्यांसाठी वापरतो ते साधं ब्लीच, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी असं घालून फरशीवर दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं, मग धुवायचं. आधी घाण साफ करायची, नाहीतर ब्लीचचा उपयोग होत नाही. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांचं होईपर्यंत देत राहायची. एका टोचणीनं काम भागलं असं समजणं हीच मोठी चूक. रेबीजची तीन महिन्यांनंतर आणि मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, बहुधा दर वर्षी.

पुन्हा सुरू केलं ते वहिनींच्या आग्रहानं. पण आता दारावरच पाटी आहे : कार्ड दाखवल्याशिवाय आत नाही. कार्ड मी स्वतःच्या डोळ्यांनी बघते, तारखा वहीत उतरवते, फोटो काढून ठेवते. शेवटच्या मात्रेला दोन आठवडे झाल्याशिवाय पिल्लू घेत नाही. सोळा आठवड्यांखालचं तर नाहीच नाही. गेल्या वर्षी आमच्याच नात्यातल्या एकांना नाही म्हटलं, ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. असू दे.

आता मोबाईलच्या बाजूचं सांगते, कारण पत्रातून आणि भेटीत मैत्रिणी तेच जास्त विचारतात. मी काही संकेतस्थळ वगैरे काढलेलं नाही. व्हॉट्सअॅपचं धंद्यासाठीचं अॅप मोफत आहे. त्यात दर, वेळा, नियम एकदाच लिहून ठेवले की प्रत्येकाला नव्यानं सांगावं लागत नाही. नकाशावर घराचं नाव फुकट टाकता येतं, पण मी घराचा नेमका पत्ता तिथे दिला नाही. फक्त भाग आणि धंद्याचा वेगळा नंबर. घरात मुलीबाळी आहेत, सासूबाई एकट्या असतात, अनोळखी माणूस थेट दारात नको. प्रत्येक नवीन गिऱ्हाईक आधी फोनवर, मग जनावर घेऊन एकदा भेटीला, आणि मगच मुक्कामाला. या भेटीत कुत्र्यापेक्षा मालकाचीच परीक्षा होते! आदल्या दिवशीच "चावत नाही हो" असं तीनदा सांगणाऱ्याच्या कुत्र्यापासून मी चार हात लांब राहते.

एकदा फसता फसता वाचले, तेही सांगून टाकते. 'मी फौजेत अधिकारी आहे, माझे दोन अल्सेशियन महिनाभर ठेवायचे आहेत, सगळे पैसे आगाऊ देतो' असा गोड हिंदीतला फोन आला. मग त्यानं एक चौकोनी कोड पाठवला : हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील. महिन्याभराचे पैसे डोळ्यांपुढे नाचत होते. अंगठा पिनवर जाणार, तोच माझी नववीतली मुलगी ओरडली, "आई, पैसे घ्यायला पिन लागत नाही!" खरंच, पिन लागतो तो द्यायला. एवढं एक वाक्य फ्रिजवर चिकटवून ठेवा. आणि चुकून गेलेच पैसे, तर रडत न बसता लगेच १९३० वर फोन करायचा.

उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार नंबरानं मोफत होते. मला एकानं त्याचे हजार रुपये सांगितले होते, दिले नाहीत. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तोवर जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही, आणि आपण कुठले त्याच्या जवळपास! शेजाऱ्यांना मात्र आधी विचारा. माझी मर्यादा एका वेळी तीन कुत्रे, एक मांजर. त्याहून जास्त झाले तर भुंकण्यानं कॉलनी जागी राहते.

सगळ्यात जोखमीचा महिना मे. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला काय सांगायचा! पारा पंचेचाळीसवर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकूनच तो अंग थंड करतो. म्हणून फिरणं पहाटे साडेपाचला आणि रात्री आठनंतर. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून बघा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे तळपाय भाजणारच. फार धापा, लाळ, लडखडणं दिसलं तर सावलीत घेऊन पोटावर, पायांवर साधं पाणी ओतायचं, पंखा लावायचा, बर्फात बुडवायचं नाही, आणि सरळ दवाखाना गाठायचा. फोनवरचा डॉक्टर सल्ला देतो, पण सलाइन लावू शकत नाही. त्यामुळे गावातल्या डॉक्टरांचा नंबर, आणि अगदीच गंभीर असेल तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता, दोन्ही मालकाशी आधीच बोलून ठेवलेलं असतं. खर्च कुठपर्यंत करायचा तेही लिहून घेते. विचारायला कठीण वाटतं, पण रात्री दोन वाजता विचारण्यापेक्षा बरं.

खाणं मालकाचंच. तरी घरातली मंडळी लाडानं काय काय घालतात म्हणून सांगते : कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट कुत्र्याला विषासारखं. म्हणजे आपली फोडणीची खिचडी आणि सत्यनारायणाचा बेदाणे घातलेला शिरा, दोन्ही बाद! साधा भात, उकडलेलं अंडं चालतं. आणि मांजराला ताप आला म्हणून पॅरासिटामॉल चुकूनही नको, एका गोळीनं जीव जाऊ शकतो. कुणाला दात लागला किंवा ओरखडा निघाला, तर कुत्रं लस टोचलेलं असलं तरी जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. हळद, मिरची, चुना काही भरायचं नाही.

पैशाचं विचाराल तर हल्ली मी कुत्र्याचे तीनशे आणि मांजराचे दोनशे रुपये रोज घेते. गेल्या मेमध्ये अकरा हजारांच्या वर जमले. जुलैत मात्र अवघे नऊशे! ब्लीच, गोचिडीची औषधं, अंथरुणं, फाटलेली गादी (तीही आमचीच) वजा जाता वर्षभरात शाळेच्या मानधनाइतकं सुटतं. फ्रिज त्यातूनच आला. परवा सासूबाई त्यांच्या मैत्रिणीला सांगत होत्या, "आमच्या सुनेचं कुत्र्यांचं पाळणाघर आहे." सांगण्यात जरा तोराच होता.

मोती २०२२ मध्ये गेला, वहिनींच्याच मांडीवर. त्यांनी नवीन आणला नाही, पण मी शाळेत असताना दुपारच्या वेळी त्या येऊन बसतात, महिन्याचे पैसे ठरलेले आहेत.

मागच्या दिवाळीनंतर लाडूच्या घरचा फोन आला. मुलगी आता मोठी झालीय, त्यांनी नवीन पिल्लू आणलं होतं आणि मामाच्या लग्नाला रायपूरला जायचं होतं. मला हो म्हणावंसं इतकं वाटलं म्हणून सांगू! पण पिल्लू तीन महिन्यांचं होतं. "कार्ड आहे ताई, हे बघा," ती मुलगीच फोनवर म्हणाली. मी तारखा विचारल्या. शेवटची मात्रा बाकी होती. नाही म्हटलं, आणि वहिनींना त्यांच्याच घरी चार दिवस झोपायला पाठवलं. जानेवारीत कार्ड पूर्ण झालं, तेव्हा ते पिल्लू माझ्याकडे पहिल्यांदा आलं. त्याच्याखाली अंथरायला मी त्या मुलीची जुनी ओढणी मागून घेतली.